उसनी भूक

त्या वॉर्डात जेवणासाठी दोन खोल्या होत्या. पहिल्या खोलीत टेबलं, ताटं आणि वाफाळणारी पातेली. मधली काचेची भिंत ओलांडली की दुसरी खोली. तिथं नुसत्या खुर्च्या. दुपारी साडेबाराला पहिल्या खोलीत रुग्ण येऊन बसत आणि दुसऱ्या खोलीत त्यांची माणसं. कुणाची बायको, कुणाचा भाऊ, कुणाची सून. रुग्ण जेवू लागले की काचेपलीकडची माणसं मांडीवर हात ठेवून गप्प बसून राहत. त्यांच्या खोलीत पाण्याखेरीज काही न्यायला बंदी होती. सकाळी आठपासून त्यांनी काही खाल्लेलं नसे. त्यांचं कामच ते होतं, भुकेलं राहणं.

वैजयंता खोत पहिल्या खोलीत खिडकीजवळ बसे. तिचा मुलगा धैर्यशील पलीकडच्या खोलीत, दाराजवळच्या खुर्चीत. बावीस वर्षांचा, मानेनं आणि खांद्यांनी रुंद, चौऱ्याहत्तर किलोच्या गटात लढणारा पैलवान. डॉक्टरांनी त्याला पाहताक्षणी म्हटलं होतं, "याची भूक चांगली असणार."

वैजयंता कोल्हापुरात तालमीच्या गल्लीत खाणावळ चालवायची. नवरा बारा वर्षांपूर्वी गेला, त्याच्याही आधीपासून. तिच्याकडे जेवणारी मुलं तिला वैजूमावशी म्हणत. लहानपणी आजीपाशी बसून मिश्री लावायची सवय लागली ती सुटली नाही, आणि चोपन्नाव्या वर्षी उजव्या गालाच्या आत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर किरणोपचाराच्या तेहतीस बैठका ठरल्या, आठवड्यात पाच.

शस्त्रक्रियेनंतर तिची भूक गेली. कमी झाली असं नाही, पार गेली. नाकातून नळी घालून आठवडाभर अन्न दिलं, ते तिनं ओकून टाकलं. तेव्हा डॉ. केतकी बेहेरे यांनी मायलेकांना समोर बसवून भूकजोडाची गोष्ट काढली.

"भूक दुसऱ्याची आणि पोट माझं," वैजयंता म्हणाली, "हे कसं जमायचं?" गालाच्या टाक्यांमुळे ती शब्द सावकाश काढायची.

"भूक पोटात नसतेच, मावशी. पोट रिकामं झालं की ते मेंदूला निरोप धाडतं. काही निरोप रक्तातून जातो, काही मानेतून जाणाऱ्या एका लांब मज्जातंतूतून. मेंदूनं तो वाचला की आपण म्हणतो, भूक लागली. तुमच्या आजारानं हा निरोपच बंद पाडलाय. पोट रिकामं आहे, पण वर खबर नाही."

"मग नळीनं घातलं तेव्हा तरी ऱ्हायला पायजे होतं."

"तिथंच आमचं इतकी वर्षं चुकत होतं. भूक नसताना आलेलं अन्न शरीर परक्या पाहुण्यासारखं दारातच उभं करतं. आतडी तयार नसतात, रस सुटत नाहीत. आधी भूक लागावी लागते, मग खाल्लेलं अंगी लागतं. म्हणून आम्ही भूक उसनी आणतो."

कानामागच्या कातडीखाली रुपयाएवढी चकती बसवायची, आणि तिची केसासारखी तार मानेतल्या त्या मज्जातंतूला जोडायची. एक चकती रुग्णाला, एक भूकदात्याला. भूकदात्याला भूक लागली की तीच भूक बिनतारी वाटेनं रुग्णाला लागते. रुग्ण जेवला की त्याची तृप्ती त्याच वाटेनं परत येते, नाहीतर भूकदात्याला राहवणार नाही, तो मध्येच जेवून टाकील आणि रुग्णाची भूकही मरेल. त्यामुळे रुग्णाचं जेवण आटोपलं की भूकदात्याचं पोट रिकामंच असतं, पण त्याला भरल्यासारखं वाटतं. मग त्यानं छापील यादीप्रमाणे, औषध घ्यावं तसं जेवायचं. चार तास उपाशी राहायचं, रुग्णाला जेवू द्यायचं, मग यादी.

"याचं वजन?" वैजयंतानं विचारलं.

"दर सोमवारी करू. घटलं तर जोड काढून टाकू. आणि तुमचं रोज. तुमच्या वजनावर सगळं अवलंबून आहे." डॉक्टरांनी तिला एक पांढरा जाळीचा मुखवटा दाखवला. तिच्याच चेहऱ्याच्या मापाचा होता. किरण देताना तो चेहऱ्यावर घट्ट बसवून टेबलाला अडकवायचा, म्हणजे डोकं केसभरही हलत नाही. "आज तुम्ही छप्पन्न किलो आहात. त्रेपन्नच्या खाली गेलात की गाल उतरतील, मुखवटा सैल होईल आणि किरण भलतीकडे पडतील. मग नवा मुखवटा, नवं मोजमाप, आठ-दहा दिवसांचा खंड. त्या खंडात गाठीच्या उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात."

धैर्यशीलनं तेव्हाच विचारलं, "चकती कधी बसवायची?"

जोडाच्या पहिल्या दिवशी साडेबाराला वैजयंताच्या पोटात काहीतरी हललं. दोन महिन्यांत तिला भुकेचा विसर पडला होता, म्हणून ओळख पटायला क्षणभर लागला. मग तिच्या लक्षात आलं की ही आपली नाहीच. तिची भूक नेहमी दुपारी तीनला, सगळ्यांची ताटं उचलल्यावर, कपभर चहानं भागणारी. ही आडदांड होती. पोटातून वर चढून तिनं दंड, मान, जबडा सगळं धरलं. समोर मऊ खिचडी होती आणि दह्यात कालवलेला भात. दोन्ही मातीसारखं लागलं, कारण किरणांनी जिभेची चव मारायला सुरुवात केली होती. तरी तिनं वाटी पुसून खाल्ली. काचेपलीकडे धैर्यशीलनं डोळे मिटून मागं डोकं टेकवलं. जेवून उठलेला माणूस टेकतो, तसं.

पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्यात तोंडात फोड आले. थुंकी गिळायची म्हटलं तरी काचा गिळल्यासारखं होई. पोटात भूक असायची आणि तोंड उघडवत नसायचं. चार तासांची भूक आणि ते दुखणं यांच्यात दुखणं जिंकायला लागलं. वजन पंचावन्न झालं, मग चोपन्न. एका गुरुवारी त्रेपन्न किलो सहाशे ग्रॅम भरलं, आणि डॉक्टरांनी दोघांना बोलावून सांगितलं, "आता सहाशे ग्रॅमच हातात आहेत. बैठका अजून सतरा."

शनिवार-रविवार किरण नसायचे, जेवणं मात्र चालूच. त्या रविवारी वैजयंतानं तोंडातून रक्त येत असताना दोन वाट्या खिचडी, अंडं आणि पेलाभर दूध संपवलं. रडत रडत संपवलं. सोमवारी त्रेपन्न-आठशे. मंगळवारी चोपन्न. परिचारिकेनं टाळ्या वाजवल्या.

बुधवारी सकाळी न्याहारीचं ताट समोर यायच्या आधीच तिचा हात पुढं गेला, आणि तिनं तो स्वतःच पाहिला. तीस वर्षं तिनं पैलवानांना वाढलं होतं. ताटावर हात कसा पडतो यावरून कोण कधीचा उपाशी आहे हे तिला कळायचं. सकाळी न्याहारी केलेला मुलगा आधी मीठ शोधतो. रात्रीपासून उपाशी असलेला भाकरी मोडतो. ज्यानं परवापासून काही खाल्लेलं नाही, तो ताट टेकायची वाट बघत नाही.

किरणांच्या खोलीबाहेर बाकावर दोघं नंबर लागायची वाट बघत बसले होते. तिनं सरळ विचारलं.

"कधी जेवलास?"

"सकाळी. यादीप्रमाणे."

"धैर्या, भूक माझ्या पोटात येतीय. मला नगं सांगूस."

तो समोरच्या दाराकडे बघत म्हणाला, "सोमवारी दुपारी."

"आणि त्याच्या आधी?"

"शनिवारी."

"वजन किती तुझं?"

"कागदावर त्र्याहत्तर."

"मी कागदाचं इचारलं न्हाई."

"अडुसष्ट." त्यानं अंगातलं जाड जाकीट जरा ओढून घेतलं. "काट्यावर चढायच्या आधी दोन-अडीच लिटर पाणी पितो. कमरेला शिशाची पट्टी असते. वजन उतरवायचं आणि चढवायचं मला कुणी शिकवायला नको, आई. लढतीआधी दरवेळी करतोच की."

"तवा दोन दिवस करतोस. आणि मग माझ्यासमोर बसून जेवतोस."

"आता पंधरा दिवस करायचं. मग जेवीन."

"मी डॉक्टरला सांगणार."

"सांग," तो शांतपणे म्हणाला. "जोड काढतील. तू चार दिवसांत बावन्नवर येशील. मग तो मुखवटा फेकून नवा करायचा, आणि तोवर ते आत काय वाढायचं ते वाढेल. तेरा बैठका राहिल्यात. मोजून तेरा."

दार उघडलं आणि तिचं नाव पुकारलं गेलं. टेबलावर मुखवटा चेहऱ्यावर अडकवल्यावर तिला तोंड उघडता येत नव्हतं. सात मिनिटं ती जाळीतून छताकडे बघत राहिली.

ती बाहेर आली तेव्हा साडेबारा वाजायला आले होते. पहिल्या खोलीत जाऊन ती बसली. आज जेवायचंच नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण आपण जेवलो नाही तरी हा जेवणार नाही, हे तिला माहीत होतं. मग एका भुकेनं दोघं जळत बसणार. ताट आलं. तिनं काचेपलीकडे पाहिलं. धैर्यशीलनं मान हलवली.

ती जेवली. तोंडात आग होती, पण पोटात ती आडदांड भूक होती, आणि ती भागताना तिला बरं वाटत होतं. जिवंत असल्यासारखं वाटत होतं. नंतर तिला त्याचीच लाज वाटली. डॉक्टरांना तिनं काही सांगितलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढच्या एकाही दिवशी नाही. ती माहीत असताना जेवत राहिली.

तेहतिसावी बैठक झाली त्या दिवशी तिचं वजन त्रेपन्न किलो चारशे ग्रॅम होतं. मुखवटा शेवटपर्यंत एकच राहिला. चकत्या काढल्या. डॉ. बेहेरे यांनी तिचे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "मावशी, तुमच्यासारखं वजन फार थोड्यांनी टिकवलंय." धैर्यशील जाकीट घालून बाजूला उभा होता. तो त्रेसष्टवर आला होता.

घरी आल्यावर पहिले आठ दिवस तो झोपून होता. थकलाय, सगळे म्हणाले. वैजयंताच्या तोंडातले फोड हळूहळू भरत आले. एका सकाळी तिला दूधभाताची किंचित गोडी लागली, आणि अकराच्या सुमारास पोटात एक बारीकशी, जुनी, तिची स्वतःची भूक लागली. ती चुलीपाशी उभी राहून एकटीच हसली.

धैर्यशीलला मात्र भूक लागत नव्हती. तिनं त्याच्या आवडीचं मटण केलं. तो ताटासमोर बसला, घास हातात धरला आणि तसाच बसून राहिला. "नको असं नाही," तो म्हणाला. "पण हवंपण वाटत नाही. हे माझ्यासाठी नाहीच, असं वाटतं."

त्याला सोबत म्हणून एके दिवशी ती त्याच्यासमोर ताट घेऊन बसली. मऊ भात, वर रस्सा. सावकाश जेवली. जेवता जेवता तिनं पाहिलं, की त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या, खांदे सैल पडले. तिचं ताट संपलं तसा त्यानं सुस्कारा टाकला, आपलं ताट पुढं सारलं आणि उठून हात धुवायला गेला.

"अरे, जेव की."

"झालं की माझं," तो म्हणाला. "मस्त होतं."

त्याच्या ताटातली भाकरी मोडलेलीसुद्धा नव्हती. तिनं त्याचा हात धरून त्याला परत आणलं, ताट दाखवलं. तो बराच वेळ ताटाकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती तिनं त्याच्या कुठल्याही लढतीआधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघं रुग्णालयात गेले आणि तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. शिशाची पट्टी, पाणी, आणि आपल्याला माहीत होतं तेही. डॉ. बेहेरे यांनी ते उतरवून घेतलं. मग म्हणाल्या, "मेंदू अनुभवावरून शिकतो. लहान मूल भुकेनं रडतं, आई पाजते, मूल शिकतं की या कळेवर हा उपाय. धैर्यशीलच्या मेंदूला आपण वेगळं शिकवलं. भूक लागली, दोन दोन दिवस लागली, आयुष्यात कधी लागली नव्हती इतकी लागली. आणि दरवेळी ती भागली ती तुम्ही जेवल्यावर. तो यादीप्रमाणे जेवला असता तर इतका पक्का धडा बसला नसता. चार तासांच्या भुकेत तेवढी ताकद नसते."

"पण चकती तर काढली," धैर्यशील म्हणाला.

"शिकून झाल्यावर तारेची गरज राहत नाही. आई जेवली हे तुला दिसलं, कळलं, की मेंदू काम झालं म्हणतो."

"मग यावर औषध?"

"यादी. घड्याळ लावून जेवायचं, आवडो न आवडो. आणि दोघांनी वेगळं राहायचं. मावशी जेवल्या की नाही हे याला कळता कामा नये. कदाचित वर्षभरात सुटेल." त्यांनी छापील यादी पुढं सरकवली. "मला नक्की माहीत नाही. असे आणखी सहाजण झालेत देशात. एक सुधारला आहे."

धैर्यशील कराडला मामाकडे गेला. तिथल्या तालमीत त्याचं नाव घातलं. मामानं भिंतीवर यादी लावली आणि चार गजर लावले. तो जेवायचा, म्हणजे घास मोजून गिळायचा. वजन जेमतेम चौसष्टला अडकलं होतं.

तो रोज दुपारी आणि संध्याकाळी फोन करायचा. काय बोलायचं नाही हे दोघांना पाठ होतं. पण घरात फोन उचलल्यावर पहिलं वाक्य कुठलं असतं, ते काही ठरवून येत नाही. चौथ्या दिवशी त्याच्या तोंडून गेलं, "जेवलीस काय?" आणि तिच्या तोंडून गेलं, "जेवले की." त्या दिवशी त्यानं घास घेतला नाही, मामानं बळेच भरवला तेव्हा ओकला.

पुढच्या खेपेला त्यानंच मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, "न्हाई अजून."

"खोटं बोलतेस," तो म्हणाला. "आवाजावरून कळतं मला. जेवल्यावर तुझा आवाज खाली बसतो."

त्यानंतर एका मंगळवारी तिचे दात दुखत होते, म्हणून तिनं दिवसभर काही खाल्लं नव्हतं. संध्याकाळी फोन आला. विचारायचं नाही असं ठरलं असूनही त्यानं विचारलं. ती म्हणाली, न्हाई रे. मग तो अगदी हळू, भ्याल्यासारखा म्हणाला, "आई, मला भूक लागलीय."

रात्रीच्या जेवणात त्यानं चार भाकरी खाल्ल्याचं मामानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. वैजयंतानं फोन ठेवला आणि समोरचा चहा तसाच मोरीत ओतला.

सहा महिन्यांनी ती तपासणीला आली. डॉ. बेहेरे यांनी पडद्यावर तिच्या गालाच्या, मानेच्या, फुफ्फुसांच्या प्रतिमा एकामागून एक पाहिल्या. कुठंही काही नव्हतं. रक्तही स्वच्छ होतं. मग त्यांनी वजनाचा आकडा पाहिला. शेहेचाळीस.

त्यांनी प्रतिमा पुन्हा पहिल्यापासून पाहायला घेतल्या.

"मावशी, चव आली ना?"

"आली. समदी आली."

"गिळताना त्रास?"

"न्हाई."

"भूक लागते?"

"लागती की," वैजयंता म्हणाली. "लई लागती."

डॉक्टरांनी मान वर केली. तिच्या गळ्याची हाडं दिसत होती, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागं गेल्या होत्या. पण डोळे शांत होते. त्यांनी विचारलं, "धैर्यशील कसा आहे?"

"बहात्तरवर आलाय. पुढल्या महिन्यात लढत हाय त्याची, सांगलीला."

"तुम्ही दिवसातून किती वेळा जेवता?"

"एकदा. पहाटे, तो उठायच्या आधी. दूधभात." तिनं हे लपवलं नाही. "दुपारपतूर आवाज मोकळा हुतो मग. त्याला ओळखू येत न्हाई."

"हे त्याला माहीत आहे?"

वैजयंतानं बांगड्या मनगटाकडे ओढल्या. डॉक्टरांनी पेन उचललं, कागदावर टेकवलं. रोग नाही, अडथळा नाही, औषध नाही. त्यांना लिहायला काही सुचेना. "मी तुम्हाला भरती करून घेते," त्या म्हणाल्या. "आजच."

"इथं घंटा वाजवून जेवायला घालता तुम्ही."

"घालावंच लागेल. असं चाललं तर वर्ष काढणार नाही तुम्ही."

"त्याच्या लढतीनंतर बघू," ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. तिनं तो काढला, खुर्चीत जरा ताठ बसली आणि कानाला लावला. खोली लहान होती, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. तालमीतला गलका, भांड्यांचा आवाज, आणि धैर्यशीलचा दम लागलेला आवाज.

"आई, जेवलीस काय?"

वैजयंतानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉ. बेहेरे यांचा हात टेबलावरून फोनकडे थोडा पुढं आला आणि तिथंच थांबला.

"न्हाई बाळा," ती म्हणाली. "तू बस जेवायला."

पलीकडून कुणीतरी ताट ओढून घेतल्याचा आवाज आला.